आभासी यंत्रांची आयात आणि डिस्क-जागेचे व्यवस्थापन

आभासी यंत्राची आयात म्हणजे एका संगणकावर किंवा एका आभासीकरण मंचावर तयार झालेले आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, दुसऱ्या मंचावर आणून तेथे चालू करण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत मूळ फाइल, तिच्यातून मोकळ्या केलेल्या तात्पुरत्या फाइली आणि अंतिम डिस्क प्रतिमा अशा एकाच माहितीच्या दोन किंवा तीन प्रती काही काळ एकाच वेळी अस्तित्वात असतात. त्यामुळे आयात पूर्ण झाल्यावर लागणाऱ्या जागेपेक्षा आयात चालू असताना लागणारी जागा बरीच अधिक असते. या जास्तीच्या जागेचा आधी अंदाज घेणे, तात्पुरत्या फाइलींसाठी योग्य ठिकाण निवडणे आणि काम झाल्यावर त्या सुरक्षितपणे काढून टाकणे यांचा समावेश डिस्क-जागेच्या व्यवस्थापनात होतो.

आयात अर्ध्यावर बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण जागा संपणे हे आहे. तथापि, आयात फसणे हा त्यातला लहान तोटा होय. त्याच साठवणीवर इतर आभासी यंत्रे चालू असतील तर तीही थांबतात, आणि जागा करण्याच्या घाईत मूळ प्रत पुसली गेली तर माहिती कायमची नष्ट होऊ शकते.

पार्श्वभूमी

एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याची कल्पना आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर १९६०च्या दशकात साकारली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने बाजारात आली. वैयक्तिक संगणकांवर ती रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीला दिले जाते. त्यानंतर २००३ मध्ये झेन आणि २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेले केव्हीएम हे मुक्त पर्याय उपलब्ध झाले. प्रत्येक मंचाने डिस्क प्रतिमेसाठी आपापले स्वरूप वापरले. व्हीएमवेअरचे व्हीएमडीके, व्हर्च्युअलबॉक्सचे व्हीडीआय, मायक्रोसॉफ्टचे व्हीएचडी व व्हीएचडीएक्स आणि क्यूईएमयूचे क्यूकाऊ२ ही त्यांपैकी प्रमुख स्वरूपे आहेत.

या स्वरूपांमध्ये देवाणघेवाण सुलभ व्हावी म्हणून डीएमटीएफ या उद्योगसंघटनेने २००९ मध्ये ओव्हीएफ हे मानक प्रसिद्ध केले. पुढे त्याला आयएसओ/आयईसी १७२०३ हा आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक मिळाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर परवान्यांची पद्धत बदलली आणि अनेक संस्थांनी आपली आभासी यंत्रे प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त मंचांवर हलवण्यास सुरुवात केली. त्यामुळे पूर्वी क्वचित करावे लागणारे आयातीचे काम अनेक व्यवस्थापकांच्या नित्याच्या कामाचा भाग झाले.

ओव्हीए फाइलीची रचना

ओव्हीए ही वस्तुतः एक टार फाइल असते. तिच्या आरंभी आभासी यंत्राचे वर्णन करणारी एक्सएमएल फाइल असते. तिच्यासोबत प्रत्येक घटकाचा पडताळणी-अंक नोंदवणारी यादी-फाइल असू शकते आणि पुढे एक किंवा अधिक डिस्क प्रतिमा असतात. टारचे बांधणे स्वतः कोणतेही संकोचन करत नाही. आतील व्हीएमडीके प्रतिमा मात्र बहुधा प्रवाहासाठी अनुकूल केलेल्या, संकोचित स्वरूपात असते. या स्वरूपातील प्रतिमा क्रमाने वाचण्यास सोयीची असली तरी तिच्यात हव्या त्या ठिकाणी लिहिता येत नाही. म्हणून तिच्यावर आभासी यंत्र थेट चालवता येत नाही आणि रूपांतर अटळ ठरते.

वर्धा जिल्ह्यातील वाचकाला कापसाच्या गाठीचे उदाहरण सहज पटेल. हिंगणघाटच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुई दाबून १७० किलोंची गाठ बांधतात, कारण सुटी रुई वाहून नेणे परवडत नाही. गिरणीत गाठ सोडताच तोच कापूस कितीतरी अधिक जागा व्यापतो. ४० जीबीची ओव्हीए फाइल पाहून ४० जीबी मोकळी जागा पुरेल असे मानणे म्हणजे गाठीच्या मापाने गोदाम बांधण्यासारखे आहे. फरक एवढाच, की संगणकात गाठ सोडल्यानंतरही मूळ गाठ जागच्या जागी शिल्लक राहते.

आकाराचे तीन अर्थ

डिस्क प्रतिमेचा ‘आकार’ हा शब्द तीन वेगवेगळ्या राशींसाठी वापरला जातो आणि जागेच्या हिशेबातील चुका बहुधा येथूनच सुरू होतात. आभासी क्षमता म्हणजे पाहुण्या प्रणालीला दिसणारी डिस्क. व्यापलेली जागा म्हणजे त्या डिस्कमध्ये प्रत्यक्ष लिहिली गेलेली माहिती. फाइलीचा आकार म्हणजे संकोचनानंतर वाहतुकीसाठी तयार झालेल्या फाइलीची लांबी. ओव्हीएफ वर्णनात क्षमता नोंदलेली असते, व्यापलेल्या जागेची नोंद ऐच्छिक असते, तर फाइलींचा आकार संदर्भ-विभागात आढळतो. ओव्हीए फाइल पूर्ण न सोडता केवळ तिचे आरंभीचे वर्णन वाचले तरी हे आकडे मिळू शकतात.

लिनक्सवर क्यूईएमयू-इमेज या साधनाची ‘इन्फो’ आज्ञा आभासी क्षमता आणि डिस्कवर व्यापलेली जागा वेगवेगळी दाखवते. त्याच साधनातील ‘मेजर’ आज्ञा नव्या स्वरूपात किमान किती आणि पूर्ण वाटप केल्यास किती जागा लागेल हे रूपांतरापूर्वीच सांगते. ही आज्ञा फारशी परिचित नाही, पण प्रत्यक्षात ती सर्वाधिक उपयोगी पडणाऱ्यांपैकी एक आहे.

व्यापलेली जागा आणि पाहुण्या प्रणालीतील वापर हेही एकच नसतात. आतील फाइल पुसली तरी तिचे ठोकळे प्रतिमेत तसेच राहतात, कारण फाइल-प्रणाली केवळ नोंद काढून टाकते. वर्षानुवर्षे वापरात असलेल्या यंत्राच्या आत ३० जीबी वापर दिसत असताना प्रतिमा ९० जीबीची असणे हे आश्चर्याचे नाही.

एककांचा घोळ याशिवाय असतो. उत्पादकाने १ टीबी म्हणून विकलेली डिस्क अनेक साधनांत सुमारे ९३१ जीबी म्हणून दिसते, कारण उत्पादक १०००च्या पटीत मोजतो आणि साधन १०२४च्या पटीत. ईएक्सटी४ फाइल-प्रणाली मूळ मांडणीत ५ टक्के जागा मूळ प्रशासक-खात्यासाठी राखून ठेवते. १ टीबीच्या डिस्कवर ही राखीव जागा सुमारे ५० जीबी भरते.

कमाल जागेचा हिशेब

उदाहरणादाखल २०० जीबी आभासी क्षमता, त्यापैकी ८० जीबी व्यापलेली जागा आणि ४० जीबीची ओव्हीए फाइल असलेले यंत्र घेऊ. ओव्हीए सर्व्हरवर उतरवली की ४० जीबी जागा जाते. आयात करणाऱ्या साधनाने टार सोडून आतील व्हीएमडीके वेगळी काढली तर आणखी ४० जीबी लागतात. या टप्प्यावर प्रतिमा संकोचितच असते. त्यानंतर क्यूकाऊ२ स्वरूपातील अंतिम प्रतिमा सुमारे ८० जीबी घेते. अशा रीतीने कमाल गरज १६० जीबी होते आणि साफसफाईनंतर ८० जीबी उरते.

अंतिम ठिकाण पूर्ण वाटप करणारे असेल, उदाहरणार्थ साधा एलव्हीएम खंड, तर शेवटच्या टप्प्यात ८० ऐवजी २०० जीबी लागतात आणि कमाल गरज २८० जीबीवर जाते. याउलट, साधन टारच्या आतील प्रतिमा थेट वाचत असेल तर मधला टप्पा गळतो आणि १२० जीबी पुरतात. ओव्हीए फाइल नेटवर्कवरील सामायिक साठवणीवर असून तेथूनच वाचता येत असेल, तर स्थानिक डिस्कवर केवळ ८० जीबी लागतात. म्हणजे तेच यंत्र आणि तीच फाइल असूनही स्थानिक गरज ८० ते २८० जीबी अशी बदलते. साधनाची कार्यपद्धती माहीत असल्याखेरीज हा हिशेब मांडता येत नाही, याचे हे कारण आहे.

कमाल गरज सर्व टप्प्यांसाठी एकाच डिस्कवर मोजण्याचेही कारण नाही. प्रत्येक टप्पा कोणत्या फाइल-प्रणालीवर लिहितो हे पाहून प्रत्येकीचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो. एकूण ५०० जीबी मोकळे असूनही तात्पुरत्या फाइलींचे विभाजन २० जीबीचे असेल तर आयात तेथेच अडते.

तात्पुरत्या साठवणीची जागा

आयातीच्या मधल्या फाइली जेथे ठेवल्या जातात त्या जागेला तांत्रिक व्यवहारात स्टेजिंग म्हटले जाते. लिनक्समधील अनेक साधने त्यासाठी ‘/व्हीएआर/टीएमपी’ ही निर्देशिका वापरतात. ती बहुधा मूळ विभाजनावर असते, आणि सर्व्हर मांडताना मूळ विभाजन ३० ते ५० जीबी इतकेच ठेवण्याची प्रथा आहे. मोठी साठवण दुसऱ्याच ठिकाणी जोडलेली असते. त्यामुळे साठवण रिकामी असतानाही जागा संपल्याचा संदेश येतो आणि नवखा व्यवस्थापक गोंधळतो. मूळ विभाजन पूर्ण भरल्यास नोंदवह्या लिहिणे थांबते, सेवा बंद पडतात आणि कधीकधी प्रशासकालाही लॉगिन करणे अवघड जाते.

‘/टीएमपी’ ही निर्देशिका काही वितरणांत स्मृतीवर, म्हणजे टीएमपीएफएस प्रकारात, ठेवलेली असते. फेडोरामध्ये ही पद्धत पूर्वीपासून आहे आणि डेबियनने १३व्या आवृत्तीपासून ती स्वीकारली. टीएमपीएफएसची मर्यादा मूळ मांडणीत एकूण रॅमच्या निम्मी असते. ४० जीबीची प्रतिमा तेथे सोडण्याचा प्रयत्न केल्यास डिस्कऐवजी स्मृती संपते, आणि त्याचा फटका चालू यंत्रांना बसतो.

व्हर्ट-व्ही२व्ही हे साधन व्हीएमवेअरकडील यंत्रे केव्हीएमवर आणण्यासाठी वापरले जाते. ते प्रत्येक डिस्कसाठी बदलांचा एक पातळ थर तात्पुरत्या जागेत ठेवते. हा थर सहसा काही दशक किंवा काही शेकडा एमबी असतो. मात्र निवडलेल्या आदान किंवा प्रदान पद्धतीनुसार संपूर्ण प्रतिमेची प्रतही तेथे ठेवली जाऊ शकते. या साधनाची तात्पुरती जागा एका पर्यावरण-चलाने बदलता येते आणि मोठ्या आयातीपूर्वी ती बदलणे हितावह असते. पाहुण्या प्रणालीच्या आतही थोडी मोकळी जागा असावी लागते, कारण नवे ड्रायव्हर तेथेच लिहिले जातात. लिनक्सच्या मूळ विभाजनात आणि विंडोजच्या सी ड्राइव्हवर किमान १०० एमबी, तर लिनक्सच्या बूट विभाजनात ५० एमबी मोकळे नसल्यास साधन रूपांतर नाकारते. यजमानावर टेराबाइटभर जागा असूनही पाहुण्याच्या आतील काही एमबींसाठी काम अडते, ही या विषयातील एक गंमत आहे.

प्रॉक्समॉक्स व्हीईच्या ८.२ आवृत्तीत ईएसएक्सआय सर्व्हरवरून थेट आयात करण्याची सोय आली आणि ८.३ मध्ये वेब-पटलावरून ओव्हीए आयात करता येऊ लागली. या दुसऱ्या मार्गात ओव्हीएतील डिस्क आधी एका फाइल-आधारित साठवणीवर बाहेर काढली जाते. ही कार्य-साठवण वेगळी निवडता येते, अन्यथा मूळ फाइल असलेली साठवणच वापरली जाते. सर्व्हरवर केवळ ठोकळा-आधारित साठवण असेल तर त्यासाठी वेगळी निर्देशिका-साठवण तयार करावी लागते.

स्टेजिंगसाठी स्वतंत्र विभाजन ठेवावे की अंतिम साठवणीतच एक निर्देशिका करावी, याविषयी व्यवस्थापकांत दोन मते आढळतात. स्वतंत्र विभाजन भरले तरी बाकीची व्यवस्था सुरक्षित राहते. एकाच फाइल-प्रणालीवर स्टेजिंग असेल तर तयार झालेली फाइल अंतिम ठिकाणी हलवणे हे केवळ नाव बदलणे ठरते. ते क्षणात होते आणि जादा जागा घेत नाही. दोन फाइल-प्रणालींदरम्यान ‘हलवणे’ म्हणजे प्रत्यक्षात प्रत करून मूळ पुसणे होय, त्यामुळे काही काळ दुप्पट जागा लागते. एक्सएफएस व बीटीआरएफएस यांवर ठोकळे सामायिक ठेवणारी प्रत करता येते, ती आरंभी जवळजवळ काहीच जागा घेत नाही. लहान संस्थेत, जेथे एकच मोठी साठवण असते, तेथे दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. मात्र त्या निर्देशिकेला वापर-मर्यादा घालणे आवश्यक असते.

विरळ फाइली

ज्या फाइलीतील रिकामे भाग डिस्कवर लिहिले जात नाहीत, केवळ नोंदले जातात, तिला विरळ फाइल म्हणतात. २०० जीबी लांबीची कच्ची प्रतिमा अशा रीतीने ८० जीबींतच मावते. ही बचत नाजूक असते. एससीपीने फाइल दुसऱ्या संगणकावर पाठवल्यास रिकाम्या जागी खरीखुरी शून्ये लिहिली जातात आणि पलीकडे २०० जीबी भरतात. आरसिंकला विरळपणा जपण्याचा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो.

प्रतिमा आकसवण्यासाठी पाहुण्या प्रणालीतील मोकळी जागा शून्यांनी भरण्याची जुनी युक्ती आहे. तिच्यात एक धोका दडलेला आहे. शून्ये लिहिली जात असताना पातळ वाटपाची डिस्क फुगत जाऊन पूर्ण क्षमतेपर्यंत पोहोचू शकते, म्हणजे जागा वाचवण्याच्या प्रयत्नातच जागा संपते. ट्रिम आज्ञा पोहोचत असेल तर हा मार्ग टाळावा, कारण ट्रिममध्ये काहीही न लिहिता ठोकळे परत दिले जातात. विंडोजमधील शीतनिद्रेची फाइल निर्यातीपूर्वी बंद केल्यासही अनेक जीबी वाचतात.

जागा संपल्यास

जागा संपण्याचा परिणाम साठवणीच्या प्रकारानुसार बदलतो. क्यूईएमयूमध्ये लिहिताना जागा नसल्याची त्रुटी आल्यास मूळ मांडणीनुसार आभासी यंत्र स्थगित केले जाते. जागा मोकळी करून ते पुढे चालू करता येते आणि आतील प्रणालीला सहसा काही कळत नाही. एलव्हीएमच्या पातळ साठ्यात परिस्थिती अधिक बिकट असते. साठा भरल्यावर लेखन-विनंत्या मूळ मांडणीत ६० सेकंद रोखून धरल्या जातात, त्यानंतर त्रुटी परतवली जाते आणि पाहुण्या फाइल-प्रणाली बिघडू शकतात. साठ्याचा नोंदी ठेवणारा भाग भरला तर दुरुस्ती आणखी अवघड होते. म्हणून अशा साठ्यावर मोठी आयात करताना केवळ मोकळी जागा पाहणे पुरेसे नसते. इतर यंत्रांना कबूल केलेली, पण त्यांनी अद्याप न वापरलेली जागाही विचारात घ्यावी लागते.

अयशस्वी आयातीनंतर अर्धवट प्रतिमा मागे राहू शकतात. साधन सामान्यपणे बंद झाले तर स्वतःच्या तात्पुरत्या फाइली काढते, पण वीज गेल्यास किंवा प्रक्रिया सक्तीने मारल्यास त्या तशाच राहतात. सिस्टमडी असलेल्या प्रणालींत ‘/व्हीएआर/टीएमपी’मधील जुन्या फाइली साधारणपणे ३० दिवसांनी काढल्या जातात, तोवर जागा अडकून पडते. फाइल पुसूनही जागा न सुटणे हा आणखी एक प्रकार आहे. एखादी प्रक्रिया ती फाइल उघडून बसली असेल तर प्रक्रिया संपेपर्यंत ठोकळे मोकळे होत नाहीत.

साफसफाईचा क्रम महत्त्वाचा असतो. मधली, मोकळी केलेली प्रतिमा सर्वप्रथम काढण्यास हरकत नाही, कारण ती ओव्हीएतून पुन्हा तयार करता येते. ओव्हीए फाइल मात्र नवे यंत्र चालू होऊन त्यातील माहिती तपासली जाईपर्यंत ठेवावी, आणि मूळ मंचावरील यंत्र बंद अवस्थेत त्याहून अधिक काळ राखावे. ओव्हीएच्या यादी-फाइलीतील पडताळणी-अंक जुळणे म्हणजे फाइल प्रवासात बिघडली नाही, एवढेच. त्यावरून यंत्र चालेल हे सिद्ध होत नाही.

लहान संस्था आणि प्रयोगशाळा

वर्धा जिल्ह्याचे शासकीय संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या एस३वास या सेवेवर चालते, आणि या केंद्राच्या राष्ट्रीय विदा-केंद्रांपैकी एक पुण्यात आहे. अशा केंद्रांत साठवण मुबलक असते आणि स्टेजिंगचा प्रश्न स्वयंचलित व्यवस्थेत सोडवलेला असतो. अडचण भासते ती त्याखालच्या स्तरावर. जिल्ह्यातील अभियांत्रिकी शिक्षण देणाऱ्या सेवाग्रामच्या बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्था असोत किंवा राज्यातील इतर तालुक्यांची महाविद्यालये, कार्यप्रणाली आणि नेटवर्क यांच्या प्रात्यक्षिकांसाठी आभासी यंत्रे सोयीची ठरतात. विद्यार्थ्यांच्या संगणकांवर मात्र २५६ जीबीची डिस्क असणे सामान्य आहे.

अशा ठिकाणी प्रत्येकासाठी पूर्ण आयात करण्याऐवजी एक मूळ प्रतिमा ठेवून तिच्यावर फरक नोंदवणाऱ्या प्रतिमा तयार करतात. १२ जीबीच्या यंत्राच्या ३० पूर्ण प्रतींना ३६० जीबी लागतील. प्रत्येक विद्यार्थ्याचे बदल सरासरी दीड जीबी धरले, तर मूळ प्रतिमेसह ५७ जीबींत काम भागते. मूळ प्रतिमेत नंतर काहीही बदल केल्यास तिच्यावर आधारलेल्या सर्व प्रतिमा निरुपयोगी होतात, म्हणून ती केवळ वाचनीय ठेवणे अनिवार्य असते.

पेन-ड्राइव्हवरून ओव्हीए आणताना फॅट३२ ची ४ जीबी प्रति-फाइल मर्यादा आडवी येते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस स्वरूप वापरल्यास ती दूर होते. वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता असेल तेथे तुटलेले डाउनलोड पुढे चालू ठेवणारे साधन वापरावे. रूपांतर मात्र बहुधा पहिल्यापासूनच करावे लागते, त्यामुळे ते यूपीएस असलेल्या यंत्रावर करणे इष्ट.

देवनागरी फाइल-नावांचीही एक विशेष अडचण आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त ही चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. ओव्हीएसाठी विहित केलेल्या यूस्टार स्वरूपात नावाला १०० बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीची जेमतेम ३३ चिन्हे. ‘संगणक-अभियांत्रिकी-प्रयोगशाळा’ हे नाव दिसायला मध्यम लांबीचे असले तरी मर्यादेच्या जवळ जाते, आणि त्यापुढे तारीख किंवा डिस्क-क्रमांक जोडल्यास ती ओलांडली जाऊ शकते. यंत्राचे वर्णन मराठीत लिहून फाइलींची नावे लहान व रोमन अक्षरांत ठेवण्याचा व्यवहार त्यामुळे रूढ आहे. यूस्टारमध्ये एका घटकाच्या आकारालाही ८ जीबींची सीमा आहे. मोठ्या प्रतिमांसाठी साधने विस्तारित नोंदीचा आधार घेतात, आणि जुने साधन ती नोंद न समजल्यास फाइल खराब असल्याचा चुकीचा संदेश देऊ शकते.

मेघसेवांवरील आयात

मेघसेवेत स्थानिक डिस्कची चिंता कमी होते, पण नाहीशी होत नाही. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत प्रतिमा प्रथम एस३ साठवणीत चढवावी लागते आणि आयात पूर्ण झाल्यावरही ती तेथेच राहते. पुसेपर्यंत तिचे भाडे चालू असते. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर सेवेला स्थिर आकाराची व्हीएचडी प्रतिमा लागते, ज्यात आभासी क्षमता पूर्ण एमबींच्या पटीत असावी लागते. त्यामुळे पाठवणाऱ्याच्या संगणकावर आधी प्रतिमा पूर्ण क्षमतेइतकी लांब करावी लागते. आधीच्या उदाहरणातील यंत्रासाठी हा आकडा २०० जीबी होतो. मात्र चढवणारे साधन रिकामे भाग वगळत असल्याने तेवढी सर्व माहिती नेटवर्कवरून जात नाही.